बोललं की झालं

हेरंब करमरकर अतिशय हुशार मुलगा होता आणि मला तो कधीच आवडला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की ही जया जुना राग काढतेय. काढतेच आहे. राग काय लोणच्यासारखा बरणीत भरून ठेवायचा असतो?

त्र्याण्णव साली त्याच्या मामानं अमेरिकेहून एक खोकं आणलं. त्यात दोन पुस्तकं होती आणि रंगीत फासे. चार बाजूंचे, आठ बाजूंचे, आणि एक वीस बाजूंचा, ज्याला आम्ही वीसमुख्या म्हणायचो. खेळाला पट नव्हता, पत्ते नव्हते. एक जण मास्टर, तो गोष्ट सांगणार. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, कुणी लढवय्या, कुणी चोर, कुणी जादूगार. मास्टर म्हणणार, समोर गुहा आहे, आत अंधार आहे, काय करता? आपण काय करतो ते सांगायचं, आणि जमलं की नाही ते फासा ठरवणार. माझी आई याला घोडनवऱ्यांची भातुकली म्हणायची आणि तिचं फार चुकत नव्हतं. फक्त भातुकलीत कुणी मरत नाही. आमच्यात मरायचे, आणि मेलेलं पात्र परत येत नसे.

मास्टर अर्थातच हेरंब. खोकं त्याच्या मामाचं होतं म्हणून नव्हे, त्याला ते येत होतं म्हणून. तो आवाज खाली आणायचा आणि आम्ही सगळे पुढं वाकायचो. मी एकटीच मुलगी, म्हणून मला न विचारता वैदू केलं होतं. बाई म्हटली की मलमपट्टी. मी दोन वर्षं दुसऱ्यांच्या जखमा बांधत बसले.

मास्टर धरून आम्ही नऊ जण होतो, आणि डोंबिवलीत आमच्यापैकी कुणाच्याही घरी नऊ जण बसायचे म्हणजे दोघांना मोरीत बसावं लागलं असतं. म्हणून आम्ही दर रविवारी ठाकुर्लीला कान्हाकडे जायचो. कान्हा भोईर आमच्याच वर्गात होता. आगरी. आजोबांच्या शेतावर आता बिल्डिंगा उभ्या होत्या, पण राहतं घर त्यांनी ठेवलं होतं, आणि त्या घराची पुढची ओटी एवढी मोठी की हळदीला शे-दीडशे माणूस सहज बसायचं. त्या ओटीवर खडूनं नकाशा काढून आम्ही खेळायचो. दुपारी त्याची आई जनाकाकू सगळ्यांना जेवायला घालायची. तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण. ज्यांच्या घरी अंडंसुद्धा गॅलरीत वेगळ्या स्टोव्हवर शिजायचं ती पोरं तिथं कोलंबीची डोकी चोखून खायची.

आणि जेवून बाहेर पडली की कोपऱ्यावर त्यांच्या बोलीची नक्कल करायची. 'मना वाढ, तुना वाढ.' पुढं पुढं तर कान्हाच्या समोरही. त्यानं आपल्या लढवय्याचं नाव एकवीर ठेवलं होतं, कुलदेवी एकवीरेवरून. हेरंब म्हणाला होता, "दगडी किल्ले, चिलखतं, घोडेस्वार, आणि त्यात एकवीर? मग बैलगाडीतूनच येऊ दे की." सगळे हसले. कान्हाही हसला. मला त्याच्या त्या हसण्याचा फार राग यायचा.

एकदा मी त्याला विचारलं होतं की एवढं ऐकून घेतोस कशाला. तो म्हणाला, "गावात मी भोईरांचा पोरगा. बोलतात ते माझ्या काकाशी, जमिनीचं. कॉलेजात मी गाववाला. हितं मी एकवीर हाय. आठवड्यातून एकदा. बास ना." आम्हा सगळ्यांना तो खेळ आवडत होता, पण गरज फक्त त्याला होती.

आता आमच्या त्या नियमाबद्दल सांगते. आठ माणसं एका वेळी बोलायला लागली की मास्टरचं डोकं फिरतं. पुष्कर नावाचा एक होता, तो म्हणायचा, "मी दार उघडतो." दारामागून विषारी धूर आला की, "नाही नाही, मी नुसतं विचारत होतो." असं दोन-चारदा झाल्यावर हेरंबनं ठरवलं, ओटीवर बसून तोंडातून जे निघेल ते पात्रानं केलं. माघार नाही. बोललं की झालं. नियम चांगला होता. खेळ सुधारला. लोक विचार करून बोलायला लागले, आणि पुष्करसुद्धा गप्प बसायला शिकला.

तरी नऊ जण म्हणजे जत्राच. लढाई आली की विचारूच नका. राक्षसाला एकदा वार करता यायचा आणि आम्हाला आठदा. हेरंबनं एक राक्षस महिनाभर तयार केला होता. त्याच्या पावलांचे आवाज आम्ही तीन रविवार ऐकत होतो. तो शेवटी समोर आला आणि त्याची पाळी यायच्या आत मेला. भालचंद्र तर म्हणाला, "एवढाच?" हेरंबनं फासे पिशवीत भरले. तो जेवायलाही थांबला नाही. हुशार माणसाचा पोपट झाला की तो दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर बसवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

त्यानंतर वर्तकनगरचं निघालं. पुष्करचे वडील तिथल्या सोसायटीचे सेक्रेटरी झाले आणि सोसायटीची क्लबची खोली रविवारी आम्हाला मिळणार असं ठरलं. पंखा, ट्यूबलाइट, मोठं टेबल आणि सहा खुर्च्या. हेरंबनं आम्हाला ओटीवर बसवून सांगितलं, "नऊ जणांत खेळ होत नाही, गोंधळ होतो. पुढच्या रविवारी ड्रॅगन. जे वाचतील ते वर्तकनगरला. खुर्च्या सहा आहेत." मग हसून म्हणाला, "मी कुणाला काढत नाही. ड्रॅगन काढेल."

तीन मरणार. भालचंद्र इंजिनिअरिंगला पुण्याला चाललाच होता. तानाजी नुसता जेवायला यायचा, त्याला आपलं पात्र चोर आहे की जादूगार हेही धड आठवायचं नाही. तिसरा कोण? खोलीच पुष्करच्या बापाची, त्याला कोण मारणार. वैदू एकच, मी. बाकीचे तिघे हेरंबच्या बिल्डिंगमधले, त्याचे जुने चेले. मग उरलं कोण हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ओटीची गरज संपली होती, म्हणून ओटीवाल्याचीही.

मी कान्हाला स्पष्ट सांगितलं. "तो तुला मारणार आहे."

"फासे मारतील तर मारतील," तो म्हणाला. "हेरंब फासे फिरवत नाय. येवढं मानतो मी त्याला."

हे मात्र खरं होतं. हेरंबचा तो एकच माज होता. बाकीचे मास्टर म्हणे पुठ्ठ्याच्या आड फासे टाकतात आणि हवं ते सांगतात. हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लादीवर टाकायचा. फाशात बेइमानी केली असती तर त्याला स्वतःची लाज वाटली असती. बाकी कशाची वाटत नव्हती.

त्या रविवारी तो लवकर येऊन खडूनं गुहा काढून बसला होता. मी कितीही नावं ठेवली तरी ती गुहा मी दोनदा फिरून बघितली. एका मैदानाऐवजी त्यानं तीन कडे काढले होते, मधे दऱ्या, म्हणजे आठ जण एका जागी उभेच राहू शकणार नव्हते. आम्ही म्हणजे चिंचोके, प्रत्येकाचा वेगळ्या रंगानं रंगवलेला. ड्रॅगन म्हणजे जनाकाकूंचा वरवंटा. काळा, जड, तेलकट. तो त्यानं मधोमध उभा ठेवला आणि म्हणाला, "तुम्ही तिघं खेळलात की तो खेळणार. पुन्हा तिघं, पुन्हा तो. आणि जिथं धूर आहे तिथं उभ्या असलेल्यानं तोंड उघडायचं नाही. खरंच नाही. धुरात मित्राला हाक मारता येत नाही."

हा धूर म्हणजे कमाल होती. त्यानं खडूनं गोल काढला की त्यात सापडलेले तिघं मुकाट बसायचे, एकमेकांकडे डोळे फाडून बघायचे, आणि त्यांच्या जखमा त्यांना सांगता यायच्या नाहीत. मी वैदू, आणि कुणाला काय झालंय मला कळत नव्हतं. खेळात पहिल्यांदा मला खरी भीती वाटली.

भालचंद्र पहिल्याच आगीत गेला. जाताना त्यानं भाषण केलं, सगळ्यांना वारस नेमलं, आणि हेरंबनं ते होऊ दिलं. तानाजीला शेपटीचा तडाखा बसून तो दरीत पडला. त्यानं विचारलं, "पण जेवायला थांबू ना?" थांब म्हटल्यावर तो भिंतीला टेकून डोळे मिटून बसला.

कान्हा मरेना. त्याच्यावर आग आली, त्यानं वीसमुख्या टाकला, अठरा. शेपूट आली, सतरा. उलट एकवीरनं फेकलेला भाला ड्रॅगनच्या पंखात रुतला, पुन्हा फेकलेला गळ्यात. आठ जणांत ड्रॅगनला खऱ्या जखमा करत होता तो एकटा. हेरंब प्रत्येक वेळी ड्रॅगनचं तोंड त्याच्याकडे वळवायचा, फासा सगळ्यांसमोर टाकायचा, आणि फासा कान्हाच्या बाजूनं पडायचा. हेरंबचे ओठ आवळत चालले होते. कान्हाचा चेहरा मात्र उजळला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो हसत नव्हता, आणि आनंदात होता.

तेवढ्यात जनाकाकू पदर खोचून बाहेर आल्या. "मना वरवंटा पायजे रं. वाटान राहिलाय." त्यांनी नकाशावर पाय न देता, वाकून, ड्रॅगन उचलला आणि काखेत मारून आत नेला.

हेरंबनं आवाज खाली आणला. "ड्रॅगन उडाला," तो म्हणाला. "गुहेचं छत फोडून. आता तुम्हाला फक्त पंख ऐकू येतायत. तो वर आहे. दिसत नाही. तुम्ही सगळे दगडांच्या आड आहात. जो उघड्यावर येईल त्याच्यावर तो झेपावेल." आणि आतून पाट्यावर वरवंटा फिरल्याचा आवाज यायला लागला, घर्र, घर्र. कुणी टाळी वाजवली. मीही वाजवली. त्या माणसाला ते येत होतं, त्याला माझा इलाज नव्हता.

वरवंटा धुऊन परत आला तेव्हा त्याला लसूण-खोबऱ्याचा वास होता. हेरंबनं तो लादीवर ठेवला नाही. हातात उंच धरून तो गुडघ्यावर बसला आणि आमच्या डोक्यांवरून फिरवत राहिला. कुणी हालेना. तोंडातून शब्द काढायची सोय नव्हती. सहा जण आपापल्या चिंचोक्याकडे बघत गप्प बसलो होतो, आणि हेरंब वाट बघत होता.

आतून जनाकाकूंची हाक आली. "कान्हा, टोप उतरवाला ये रं. जड हाय मना."

"आलो," कान्हा म्हणाला आणि उठून आत गेला.

कुठलाही मुलगा असंच म्हणतो. आईनं हाक मारली की जागचा न हलता म्हणतो आलो, आणि मग उठतो. मी तर आलो-आलो म्हणत अर्धा तास पेपर वाचणारे लोक पाहिलेत. माझे वडीलच त्यातले.

हेरंबनं मान तिरकी केली. "आलो म्हणाला," तो हळूच म्हणाला. "ऐकलंत ना? कुठं आला? दगडाआडून उघड्यावर."

पुष्कर आधी समजला आणि फिस्सकन हसला. मग बाकीचे समजले.

"तो आईला म्हणाला," मी म्हटलं.

"इथं बसून म्हणाला ना? ओटीवर? बोललं की झालं. नियम सगळ्यांना सारखा. पुष्करला लावलेला चालला होता तुला." त्यानं कान्हाचा भगवा चिंचोका बोटानं ढकलून मोकळ्या लादीवर आणला. "नि:शस्त्र, पाठमोरा. सातच्या वर पडलं की संपला. बघा रे सगळ्यांनी, नंतर म्हणायला नको." त्यानं फासा टाकला. बारा. "फासा फिरवला नाही मी," तो म्हणाला, आणि वरवंटा खाली आणला. चिंचोका फुटला.

मी म्हटलं, "मी एकवीरला बरं करते."

"मेलेल्याला वैदू बरं करत नाही. वाच पुस्तकात."

मी वाद घातला. खूप घातला. तो हसत ऐकत राहिला, आणि बाकीचे पुढची चाल कुणाची ते विचारायला लागले. तीन मेले होते, हिशेब पुरा झाला होता, त्यामुळे ड्रॅगनचाही जीव लगेच संपत आला. कान्हानं केलेल्या जखमांनी तो आधीच अर्धमेला होता. पुष्करनं शेवटचा बाण मारला आणि सगळ्यांनी आरोळी ठोकली.

त्या आरोळीतच कान्हा दोन्ही हातांत फडकी धरून, वाफाळता टोप घेऊन बाहेर आला. आमच्यासाठी. त्यानं खाली नकाशाकडे पाहिलं. भगव्या चिंचोक्याची दोन टरफलं पडली होती.

"कुनी मारला?" त्यानं विचारलं.

"तूच आलास की," पुष्कर म्हणाला. "आलो म्हणालास ना?"

त्याला समजायला थोडा वेळ लागला. टोप हातात तसाच होता, फडक्यातून चटके बसत असणार. त्यानं हेरंबकडे पाहिलं. हेरंब म्हणाला, "नियम आहे, कान्हा. मला पण वाईट वाटलं. छान खेळत होतास." मग कान्हानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान हलवली, की होय, असंच झालं. तो हसेल असं मला वाटलं. तो नेहमी हसायचा. या वेळी त्यानं टोप खाली ठेवला आणि म्हणाला, "हात धुवा. गरम हाय तवर जेवा."

आणि पोरं जेवली. चवीनं जेवली. तानाजीनं तीनदा भाकरी मागितली. जनाकाकूंनी विचारलं, "मेला का त्यो साप?" हेरंब म्हणाला, "मेला, काकू. पुष्करनं मारला." "बरा झाला," काकू म्हणाल्या. "दोन वरसं खपताव, पोरांनो." त्यांनी कौतुकानं पुष्करच्या पानात जास्तीची कोलंबी टाकली.

निघताना दारात चपला घालताना प्रत्येक जण म्हणाला, "येतो, काकू." मीही म्हणाले, येते. जातो कोण म्हणतं? मरणाऱ्याशिवाय कुणी जातो म्हणत नाही, आपल्याकडे लहानपणीच तोंडावर चापट मारून शिकवलेलं असतं. हेरंबनं तर खाली वाकून नमस्कार केला. "येतो, काकू."

"या रं," त्या म्हणाल्या. "पुढल्या आयतवारी निवट्या करते. खाडीच्या. तुमच्या डोंबिवलीत नाय मिलाच्या तशा." निवट्या साफ करायला किती वेळ जातो हे ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक. चिखलातला मासा, राखेत घोळून एकेक घासावा लागतो.

"नक्की, काकू," हेरंब म्हणाला.

कान्हा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

रस्त्यात मी हेरंबला गाठलं. म्हटलं, "त्यांना सांग तरी, की आपण येणार नाही आता."

"काय सांगू? तुमच्या मुलाला ड्रॅगननं खाल्लं?" बाकीचे हसले. "अगं, कान्हा सांगेल. आणि नाही सांगितलं तरी काय. यांच्याकडं हळदीला शंभर माणूस जेवतं. सवय असते त्यांना."

मी त्याला काय बोलले ते इथं लिहीत नाही. चांगलं नव्हतं. तो म्हणाला, "खेळ आहे, जया. एवढं काय लागतं तुला?" खेळ आहे म्हणणाऱ्या माणसाचं मी तेव्हापासून काही ऐकून घेत नाही. ज्याच्या हातात फासे असतात त्यालाच तो खेळ वाटतो.

पुढच्या रविवारी मी वर्तकनगरला गेले नाही. त्यांची सहावी खुर्ची रिकामी राहिली, आणि वैदूवाचून त्यांचं काय झालं याची मी चौकशी केली नाही. मी ठाकुर्लीला गेले. का ते मला नीट सांगता येणार नाही. कान्हाशी बोलावं, बसावं, एवढंच मनात होतं. गल्लीच्या तोंडाशीच मला निवट्यांच्या कालवणाचा वास आला.

ओटी स्वच्छ धुतलेली होती. नकाशा पुसलेला. भिंतीकडेनं चटया अंथरलेल्या, पानं मांडलेली. कान्हा खुर्चीत बसून पाय हलवत होता.

"तू सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"काय सांगू? येतो बोलले ना सगळे. बोललं की झालं."

"कान्हा, त्या सकाळपासून—"

"परवापासून," तो म्हणाला. "काकाला खाडीवर पाठवला, निवट्यांसाठी. काल रातभर साफ करत होती. मी बघत होतो." त्याचा आवाज अगदी साधा होता. तो त्या सात जणांवर सूड घेत होता, आणि त्यांच्यापैकी कुणीही तिथं नव्हतं. होती ती त्याची आई. हेरंबचा आला नव्हता इतका मला त्या वेळी कान्हाचा राग आला.

"जाऊन सांग त्यांना," मी म्हटलं.

"तू सांग. तू वैदू ना? बरं कर."

जनाकाकू हात पुसत बाहेर आल्या. माझ्या मागं बघितलं, मग फाटकाकडं बघितलं. "येकटीच आलीस, बाय? बाकीची मागून येतान का?"

मी सांगितलं. की ते येणार नाहीत. आज नाही, पुढंही नाही. दुसरीकडं जागा मिळाली आहे. मी सोपं करून सांगायचा प्रयत्न केला, पण त्यात सोपं करण्यासारखं काही नव्हतं.

"कुनी आजारी हाय का?"

"नाही, काकू."

"मी काय बोलली का कुनाला? जेवान आवडला नाय?"

"नाही हो, काकू. तसं नाही."

त्यांच्या बोटांना अजून राखेचा करडा रंग होता. "मंग येतो कशाला बोलले?" त्यांनी विचारलं. मला विचारलं. मी त्यातलीच होते, मीही म्हणालेच होते.

माझ्याआधी कान्हा बोलला. खुर्चीतून न उठता म्हणाला, "बोलाची पद्धत असते, आये."

त्यांनी मुलाकडे पाहिलं. आपल्या पोराला हे आधीपासून ठाऊक होतं हे त्यांना तेव्हा कळलं असावं, कारण चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं. त्या ओरडल्या असत्या, रडल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्या आत गेल्या आणि टोप घेऊन बाहेर आल्या, या वेळी एकट्यानंच उचलून.

"बस," त्या मला म्हणाल्या.

मी बसले. त्यांनी माझ्या पानात भात घातला, त्यावर कालवण, त्यावर निवट्या, एक पळी, दुसरी पळी. भाकरीवर भाकरी ठेवली. मी जेवायला लागले. पान अर्धं व्हायच्या आत त्यांनी पुन्हा भरलं. पुन्हा भात, पुन्हा कालवण. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तिखटानंच म्हणा. समोर कान्हा बसला होता आणि आपल्या आईला थांबवत नव्हता.

"पुरे, काकू," मी म्हटलं. "खरंच पुरे."

"पुरे बोलाची पद्धत असते," त्या म्हणाल्या, आणि माझ्या पानावर पळी उपडी केली. मग पळी हातात तशीच धरून, माझं संपेपर्यंत, समोर उभ्या राहिल्या.